विश्लेषण : मीरा-भाईंदरच्या दमट हवेत सिगार मुरतो की कुजतो? सिडारच्या पेटीवर किती भरवसा ठेवायचा?

लाकडाची चकचकीत पेटी, आत ओळीने मांडलेले सिगार, झाकणावर आर्द्रता दाखवणारा छोटा काटा आणि खाली ओळ : 'सिडारमध्ये ठेवा, वर्षानुवर्षं मुरू द्या'. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेले असतील. त्यातली माहिती बहुतेक वेळा अमेरिका किंवा युरोपातल्या घरांसाठी असते. तिथली हवा कोरडी असते आणि हिवाळ्यात हीटर लावला की ती आणखी कोरडी होते. त्यामुळे सिगारला ओलावा कसा द्यायचा, हा तिथला प्रश्न असतो.

मीरा रोड किंवा भाईंदरच्या फ्लॅटमध्ये प्रश्न नेमका उलटा आहे. इथे वर्षातले चार महिने हवेतच इतका ओलावा असतो की तो पेटीबाहेर ठेवणं हेच मोठं काम होऊन बसतं. म्हणून तोच सल्ला इथे जसाच्या तसा वापरला की महागडा सिगार मुरण्याऐवजी बुरशी धरतो किंवा किड्याच्या पोटात जातो.

सिगार मुरतो म्हणजे काय होतं, त्यात सिडारचं काम किती, आपल्या हवेत काय बिघडतं आणि 'मुरलेला सिगार सौम्य असतो' या समजुतीत खरं किती, हे समजून घेऊया.

हा विषय आत्ताच का?

कारण कर बदलला आहे. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगार, सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. बिडीला मात्र १८ टक्के दर ठेवला आहे. त्याआधी सिगारवर २८ टक्के जीएसटी आणि वर भरपाई उपकर होता. हा उपकर आता गेला. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात दुरुस्ती केली आणि उपकराची जागा उत्पादन शुल्काने घेतली. परदेशी सिगार असेल तर आयात शुल्क वेगळं.

कर बदलला की 'आत्ताच घेऊन ठेवू' हा मोह होतो. सिगारेटचं पाकीट चार-आठ दिवसांत संपतं, त्यामुळे ते जपून ठेवण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सिगारचं तसं नाही. तो नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, अशी त्याची ख्याती आहे. म्हणून साठा करण्याची कल्पना इथे जास्त पटते आणि त्यातूनच घरगुती पेट्यांचा बाजार वाढतो. या पेटीला इंग्रजी जगात 'ह्युमिडॉर' म्हणतात.

महाराष्ट्रात सिगार ओढणारे मोजकेच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यातही मोठा वाटा चघळण्याच्या तंबाखूचा होता. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते आणि त्यात सिगारवाले आणखी थोडे. पण सोशल मीडियावर सिगारला जी 'क्लास'ची झळाळी मिळते, तिचा पसारा या आकड्यापेक्षा मोठा आहे.

सिगार 'मुरतो' म्हणजे नेमकं काय होतं?

सिगार हा पूर्णपणे तंबाखूच्या पानांचा असतो. आत भरणीची पानं, त्याभोवती बांधणीचं पान आणि सगळ्यात वर दिसायला देखणं आवरणाचं पान. शेतातून आलेली पानं आधी वाळवली जातात. मग ओलसर पानांचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या आत उष्णता वाढते, पानातली प्रथिनं आणि साखरा विघटित होऊ लागतात आणि अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो. सिगारच्या चवीचा मोठा भाग या टप्प्यातच ठरतो.

सिगार वळून झाल्यावरही ही प्रक्रिया अगदी मंद गतीने चालू राहते. उरलासुरला अमोनिया निघून जातो, पानांचा ओलावा एकसारखा होतो आणि वेगवेगळ्या पानांचे वास एकमेकांत मिसळतात. लोणचं घातल्यावर पहिल्या दिवशी मीठ, तिखट, कैरी वेगवेगळी लागते आणि महिन्याभराने त्यांची एकच चव होते, तसंच काहीसं.

आणि लोणच्यासारखंच, मूळ माल चांगला असेल तरच तो मुरतो. तंबाखूचे बारीक तुकडे भरून, सुगंध फवारून यंत्रावर बनवलेला स्वस्त सिगार पाच वर्षं ठेवला तरी त्याचं काही सोनं होत नाही. उलट फार वर्षं ठेवल्यास पानातली तेलं उडून जातात आणि चव फिकी पडते.

सिडार म्हणजे देवदार का?

इथे मोठा घोटाळा होतो. सिडार या शब्दाचं मराठीत सर्रास 'देवदार' असं भाषांतर केलं जातं. हिमालयातला देवदार हा खराखुरा सिडार आहे, हे बरोबर. पण सिगारच्या पेटीत वापरतात तो 'स्पॅनिश सिडार' वेगळाच आहे. तो स्पेनचा नाही आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सिडारही नाही. त्याचं शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. तो मेक्सिको, कॅरिबियन बेटं, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत वाढतो आणि महोगनीच्या कुळातला आहे.

हे कूळ आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. आपला कडुनिंब याच कुळातला. सह्याद्रीत आढळणारा तूण हा वृक्ष तर स्पॅनिश सिडारचा जवळचा भाऊबंद. एकेकाळी वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही 'सेड्रेला' याच प्रजातीत धरत होते. तूणाचं लाकूड हलकं, तांबूस आणि सुवासिक असतं. भारतात सिगारच्या पेट्यांसाठी ते वापरलंही गेलं आहे.

हिमालयातला देवदार मात्र या कामाला तितकासा योग्य नाही. त्याच्या तेलाचा वास तीव्र असतो आणि लाकडातून राळेसारखा चिकट स्राव येऊ शकतो. तंबाखू आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतो. त्यामुळे 'देवदार'च्या नावाने विकत घेतलेल्या पेटीत ठेवलेल्या सिगारला काही महिन्यांनी लाकडाचीच चव येण्याची शक्यता असते.

अस्सल स्पॅनिश सिडार महागही आहे. बेसुमार तोडीमुळे सेड्रेला प्रजातीचा समावेश २०२० पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. म्हणजे त्याच्या लाकडाच्या जागतिक व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. स्वस्त पेट्यांमध्ये म्हणूनच बऱ्याचदा आत दुसरंच लाकूड किंवा प्रक्रिया केलेला भुसा असतो आणि त्यावर सिडारचा कागदासारखा पातळ थर चिकटवलेला असतो.

सिडार काय करतं आणि काय करू शकत नाही?

सिडारची कामं तीन. पहिलं म्हणजे ते ओलावा शोषतं आणि सोडतं. पेटीतली आर्द्रता थोडी वर-खाली झाली की लाकूड तो झटका स्वतःवर घेतं. दुसरं, त्याचा मंद वास तंबाखूशी जुळतो. तिसरं, त्यातल्या नैसर्गिक तेलांमुळे बुरशी आणि काही कीटक थोडे लांब राहतात.

या तिसऱ्या कामाबद्दल गैरसमज फार. आपल्याकडे धान्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालतात. त्याने कीड लागण्याचं प्रमाण कमी होतं, पण गहू आधीच किडका आला असेल तर पाला काही करू शकत नाही. सिडारचंही तसंच आहे. पानाच्या आत आधीपासून असलेलं अंडं ते मारत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिडार स्वतः आर्द्रता ठरवत नाही. आजूबाजूला जितका ओलावा असेल, त्याच्याशी ते हळूहळू जुळवून घेतं. भोवतालची हवा महिनोन् महिने ८० टक्के आर्द्रतेची असेल, तर सैल झाकणाची लाकडी पेटीही शेवटी तिथेच पोहोचते.

मीरा-भाईंदरची हवा काय सांगते?

या शहराच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि मधे भाईंदरची मिठागरं. इथल्या आर्द्रतेची गोष्ट मिठाइतकी दुसरं कोणी सांगू शकत नाही.

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषून पाझरायला लागतं. खड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते त्याच्याही आधी ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतलं बारीक मीठही गच्च बसतं, तेव्हा स्वयंपाकघरातली हवा कुठल्या टप्प्याला आहे, याचा अंदाज त्यातूनच येतो. मिठागरांतलं कामही पावसाळ्यात थांबतं, कारण पाणी आटतच नाही.

सिगारसाठी जगभर सांगितला जाणारा ढोबळ नियम असा : तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास. मुंबई परिसरात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि तापमान २५ ते ३० अंशांच्या घरात. मे महिन्यात पारा ३३-३४ पर्यंत जातो. म्हणजे २१ अंशांचा आकडा एसीशिवाय वर्षातला बहुतेक काळ गाठताच येत नाही.

एसीने प्रश्न सुटतो का? अर्धाच. रात्री एसी चालू, दिवसा बंद, असं असलं की खोलीतली हवा रात्री कोरडी आणि दुपारी दमट होते. या रोजच्या चढउताराने आवरणाचं पान फुगतं, आकसतं आणि शेवटी तडकतं.

खरा शत्रू : हळदीतला किडा

सिगारचं सगळ्यात मोठं नुकसान करतो तो दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरीकॉर्ने. नाव अनोळखी वाटलं तरी प्राणी ओळखीचा आहे. साठवलेली हळद, धने, सुंठ, मिरची पोखरणारा हाच. म्हणजे सिगारची पेटी किडलेल्या मसाल्यांच्या डब्याशेजारच्या फडताळात ठेवली, तर पाहुणा घरातूनच येऊ शकतो.

बहुतेक वेळा मात्र अंडी तंबाखूबरोबरच आलेली असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. साधारण २० अंशांखाली त्यांची वाढ जवळपास थांबते. पंचविशीच्या पुढे तापमान आणि सोबत भरपूर ओलावा मिळाला की अळ्या बाहेर येतात आणि सिगार आतून पोखरतात. मग आवरणावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि पेटीच्या तळाशी बारीक भुकटी दिसते. थंड देशात वर्षानुवर्षं निपचित राहिली असती ती अंडी मीरा रोडच्या घरात जूनच्या आत जागी होऊ शकतात.

दुसरा त्रास बुरशीचा. सिगारवर पांढरट थर आला की 'ही तर तेलाची साय, चांगलं मुरल्याची खूण' असं काही जण कौतुकाने सांगतात. अशा थराची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा बहुतेक वेळा ती बुरशीच निघाली आहे. थर लोकरीसारखा, हिरवट किंवा निळसर असेल तर शंकेला जागाच नाही. असा सिगार पुसून ओढणं म्हणजे बुरशीचे कण छातीत घेणं.

मग इथे सिगार ठेवणारे काय करतात?

उष्ण आणि दमट शहरांतल्या जाणकारांची पद्धत पाठ्यपुस्तकी नियमापेक्षा वेगळी असते.

* पेटीपेक्षा डबा बरा. रबरी कडेचा, हवाबंद, वास नसलेला अन्नाचा डबा आणि आत सिडारची पट्टी किंवा फळी. लाकडाचा फायदा मिळतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. देखणी लाकडी पेटी एसीच्या स्थिर खोलीतच शोभते.
* आर्द्रता थोडी कमी. तापमान जास्त असेल तर ७० टक्क्यांचा हट्ट सोडून ६२ ते ६५ टक्के ठेवतात, म्हणजे बुरशी आणि भुंगेऱ्याला वाव कमी मिळतो.
* दोन्हीकडून काम करणारी पाकिटं. क्षारांचं संपृक्त द्रावण भरलेली ही पाकिटं हवा कोरडी झाली तर ओलावा सोडतात आणि जास्त झाली तर शोषतात. ओल्या स्पंजच्या जुन्या युक्तीत फक्त सोडणं असतं, शोषणं नसतं. पावसाळ्यात तोच स्पंज घातक ठरतो.
* काट्याची मिठाने परीक्षा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन दोन-चार थेंब पाण्याने दाट ओलं करायचं आणि आर्द्रतामापकाबरोबर बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. काटा ७५ च्या आसपास आला पाहिजे. ७० दाखवत असेल तर तो पाच अंक कमी सांगतो, हे लक्षात ठेवायचं.
* नव्या मालाला आधी फ्रीझर. दुहेरी बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांत चार-पाच दिवस, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि मग बाहेर. एकदम बाहेर काढलं तर आवरण तडकतं.
* नेहमीच्या फ्रिजमध्ये साठवण नाही. तिथली हवा कोरडी असते आणि लसणाच्या चटणीचा वास सिगारला लागायला वेळ लागत नाही.

नवी लाकडी पेटी असेल तर सिगार ठेवण्याआधी आत शुद्ध केलेल्या पाण्याची वाटी ठेवून काही दिवस लाकडाला ओलावा पिऊ देतात. कोरडं लाकूड नाहीतर सिगारचाच ओलावा ओढून घेतं. भर पावसात हे करण्याची गरज बहुधा पडत नाही.

साठा करून पैसे वाचतात का?

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. समजा दहा सिगारची पेटी १०,००० रुपयांना मिळते आणि पुढे ती १५ टक्क्यांनी महागेल असा तुमचा अंदाज आहे. आज घेतली तर १,५०० रुपये वाचतील. आता डबा, सिडार, मापक आणि पाकिटं यांवर २,५०० रुपये गेले तर पहिल्याच पेटीत तुम्ही १,००० रुपयांनी मागे आहात. पाकिटं काही महिन्यांनी बदलावी लागतात. दोन सिगारना कीड लागली तर आणखी २,००० गेले. एसी चालू ठेवला तर विजेचं बिल वेगळं.

याहून मोठा खर्च या हिशेबात दिसत नाही. घरात साठा असला की ओढणं वाढतं. 'कधीतरी सणासुदीला' घेतलेली वस्तू फडताळात हाताशी आली की दर शनिवारची होते.

कायदा काय सांगतो?

स्वतःसाठी घरी सिगार ठेवणं गुन्हा नाही. पण काही रेषा ठळक आहेत. २००३ च्या 'कोटपा' कायद्यानुसार तंबाखूजन्य पदार्थांची जाहिरात करता येत नाही, १८ वर्षांखालच्यांना विक्री करता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. पाकिटावर ८५ टक्के भागात आरोग्याचा सचित्र इशारा हवा. असा इशारा नसलेला 'इम्पोर्टेड' सिगार कोणी स्वस्तात देत असेल तर तो माल चोरट्या मार्गाने आला असण्याची शक्यता मोठी. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्यांच्या विक्रीवरही बंदी घातली.

परदेशातून येताना २५ सिगारपर्यंतच शुल्कमुक्त सवलतीत बसतात. त्याच्या वर असतील तर ते जाहीर करून शुल्क भरावं लागतं.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, पण ती तुमच्या स्वतःच्या घराला लागू होत नाही. आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

मुरलेला सिगार कमी घातक असतो का?

नाही. अमोनिया गेल्याने धूर घशाला कमी बोचतो, इतकंच. तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यं सिडारमध्ये ठेवून नाहीशी होत नाहीत आणि पान जळताना तयार होणारा डांबर व कार्बन मोनॉक्साइडही कमी होत नाही. बोचणं हा शरीराचा इशारा असतो. मुरवल्याने तो इशारा तेवढा मंद होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनुसार एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. धूर छातीत ओढला नाही तरी तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच, कारण धूर तोंडात खेळवला जातो आणि लाळेबरोबर निकोटिन आत जातं.

त्यात मीरा-भाईंदरचं घर बहुतेकांसाठी वन बीएचके किंवा टू बीएचके. मोठा सिगार तासभर आणि कधी त्याहून जास्त वेळ जळतो. बाल्कनीत ओढला तरी धूर आतल्या खोलीत आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत जातो. पावसाळ्यात तर खिडक्या बंदच असतात. इतरांच्या धुराची कुठलीही पातळी सुरक्षित नाही, हे वैद्यकीय जगात आता वादातीत आहे. तुम्ही पेटीतल्या हवेची आर्द्रता एकेक टक्का मोजता, तेव्हा त्याच घरात अभ्यासाला बसलेली मुलगी आणि दम्याचा पंप वापरणारे आजोबा कुठली हवा घेतात, हे मोजायला मात्र कुठलाच काटा नसतो.

थोडक्यात काय?

सिडार चांगलं लाकूड आहे, पण मीरा-भाईंदरच्या हवेत ते एकटं पुरत नाही. इथे हवाबंद डबा, कमी आर्द्रता आणि फ्रीझर या तीन गोष्टी सिडारपेक्षा जास्त काम करतात. कर चुकवण्यासाठी केलेला साठा बहुतेकांना तोट्यातच पडतो. आणि 'मुरलेला म्हणजे सौम्य, सौम्य म्हणजे निरुपद्रवी' ही साखळी दुसऱ्याच कडीला तुटते.

आधीच घेतलेले सिगार वाया जाऊ नयेत असं वाटत असेल तर वरच्या सूचना उपयोगी पडतील. पण अजून पेटीच घेतली नसेल आणि रील बघून बोट 'बाय नाऊ'वर गेलं असेल, तर आधी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे एकदा बघा. तुमच्या घरात सिगार किती टिकेल, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.